सेल्फने इंजिन फिरते, पण बटण सोडल्यावरच सुरू होते: जुन्या मोटारसायकलच्या वायरिंगची तपासणी कुठून सुरू करावी?

जुना स्वार (प्रश्न)

माझ्याकडे वीस वर्षांहून जुनी, एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी फोर स्ट्रोक मोटारसायकल आहे. तिला कार्बोरेटर असून सेल्फ आणि किक दोन्ही आहेत. बॅटरी १२ व्होल्ट, ९ अँपिअर-तासांची आहे आणि इग्निशन सीडीआय पद्धतीचे (कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेवर ठिणगी पाडणारे) आहे. इंजिनाचे काम पूर्वी झालेले असल्यामुळे चालताना गाडीची काहीच तक्रार नसते. अडचण येते ती सुरू करताना आणि ती तीन-चार निरनिराळ्या प्रकारांनी येते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

थंड इंजिनावर सेल्फचे बटण दाबले की इंजिन बऱ्यापैकी वेगाने फिरते, पण सुरू होत नाही. मात्र कंटाळून बटण सोडावे आणि त्याच क्षणी इंजिनाने उसळी घेऊन सुरू व्हावे, असे वारंवार घडते. किक मारली तर बहुतेक वेळा लगेच सुरू होते. कधीकधी बटण दाबताच एकदाच ‘टक’ असा आवाज येतो आणि न्यूट्रलच्या दिव्यासकट सगळे दिवे जातात. चावी बंद-चालू केली किंवा हँडल इकडेतिकडे फिरवले की ते परत येतात. तिसरा प्रकार गरम इंजिनाचा आहे. तासभर गाडी चालवून थांबल्यावर दहा मिनिटांनी किकनेही इंजिन सुरू होत नाही, आणि अर्ध्या तासाने काहीच झाले नव्हते अशा थाटात सुरू होते. शिवाय आठवडाभर गाडी उभी राहिली की बॅटरी उतरलेली असते, आणि ही बॅटरी अलीकडेच नवीन घातलेली आहे.

सीडीआय, इग्निशन कॉईल (प्लगसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारी), स्टार्टर रिले (छोट्या करंटने स्टार्टरचा मोठा करंट जोडणारा स्विच) आणि पुन्हा एकदा बॅटरी असे सगळेच बदलून टाकावे, असा सल्ला मला मिळाला आहे. सुटे भाग जुन्या गाडीचे असल्यामुळे सहज मिळत नाहीत आणि मिळाले तरी ते चांगले असतील याची खात्री नसते. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी दोष कुठे आहे ते कळावे, अशी इच्छा आहे. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे आणि तो वापरण्याइतपत माहिती आहे. तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

तांबडी तार

सर्वप्रथम, या चारही तक्रारी एकाच दोषाच्या आहेत असे धरून चालू नका, आणि चार वेगवेगळे दोष आहेत असेही धरू नका. तुमच्या वर्णनावरून पहिल्या दोन तक्रारींचे मूळ एकच असावे असे मला वाटते. गरम इंजिनाची तक्रार आणि उभ्या गाडीत बॅटरी उतरण्याची तक्रार या दोन्ही स्वतंत्र असाव्यात. म्हणून आधी पहिल्या दोन तक्रारींबद्दल लिहितो.

बटण सोडल्यावर इंजिन सुरू होणे हे फार बोलके लक्षण आहे. सीडीआय दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटोमधल्या (इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागातल्या) स्वतंत्र कॉईलकडून येते, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली तरी किकने गाडी सुरू होते. दुसऱ्या प्रकारात सीडीआय बॅटरीचे १२ व्होल्ट घेतो, आतल्या आत ते काहीशे व्होल्टपर्यंत चढवून कपॅसिटरमध्ये साठवतो आणि ठिणगीची वेळ सांगणाऱ्या पल्सर कॉईलचा इशारा मिळताच तो साठा इग्निशन कॉईलमध्ये सोडतो. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारची असावी. अशा गाडीत सेल्फ फिरत असताना सीडीआयपर्यंत पोहोचणारे व्होल्टेज एका मर्यादेखाली गेले की ठिणगी क्षीण होते किंवा पडतच नाही. बटण सोडताच व्होल्टेज पूर्ववत होते, इंजिन मात्र आधीच्या वेगाने अजून एखादा फेरा फिरत असते, आणि त्या एका फेऱ्यात मिळालेल्या चांगल्या ठिणगीवर ते सुरू होते. किक मारताना स्टार्टरचा भारच नसल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही. याचा अर्थ सीडीआय, कॉईल आणि प्लग आपापले काम करू शकतात, हे गाडी स्वतःच तुम्हाला सांगत आहे. ते बदलण्याचा विचार निदान आज तरी सोडून द्या.

मग व्होल्टेज जाते कुठे? यासाठी बहुतेक जण चावी चालू करून तारेवर मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि तार ठीक आहे असे मानतात. या पद्धतीने काहीही सिद्ध होत नाही, कारण मीटर स्वतः जवळजवळ शून्य करंट घेतो. गंजलेल्या जोडात अगदी एखादाच धागा शिल्लक असला तरी करंट वाहत नसताना त्याच्या पलीकडे पूर्ण व्होल्टेज दिसते. प्रतिरोध मोजूनही उपयोग होत नाही. स्टार्टर ८० अँपिअर घेत असेल तर ०.०२ ओहमचा खराब जोडसुद्धा १.६ व्होल्ट खातो, आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच प्रतिरोध याच्या कितीतरी पट असतो. म्हणून जोड तपासायचा तो भार चालू असताना, त्याच्या दोन्ही टोकांना मीटरच्या दोन पिना लावून. चांगल्या जोडात मीटर शून्याच्या आसपास राहतो, खराब जोड किती व्होल्ट गिळतो ते आकड्यात दिसते.

मोजताना इंजिन सुरू होऊ नये यासाठी प्लगची टोपी काढा, तिच्यात दुसरा एखादा चालू प्लग बसवा आणि त्याचे धातूचे अंग इंजिनाला घट्ट टेकेल असे बांधून ठेवा. टोपी नुसती लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ते उच्च व्होल्टेज कॉईलच्या किंवा सीडीआयच्या आतून वाट शोधते, आणि मग खरोखरच नवीन भाग घ्यावा लागतो. सिलिंडरमधला मूळ प्लग जागेवरच राहू द्या. तो काढला तर कॉम्प्रेशन जाऊन स्टार्टरवरचा भार कमी होईल आणि आकडे फसवे येतील.

आता बटण दाबलेले असताना कोणीतरी मदतीला घेऊन पुढील मोजमापे घ्या. बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर, म्हणजे वायरीच्या टर्मिनलवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खुंटांवर, व्होल्टेज साधारण १० च्या वर राहिले पाहिजे. ऋण खुंट ते इंजिनाची उघडी धातू एवढ्या टप्प्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त घट नसावी. धन खुंट ते स्टार्टर मोटरचा बोल्ट, म्हणजे रिलेसह पूर्ण मार्गात, ०.५ च्या आत असावी. आणि सर्वात महत्त्वाचे मोजमाप म्हणजे धन खुंट ते सीडीआयच्या पुरवठ्याची तार. इथेही अर्धा व्होल्ट ठीक, एक व्होल्ट संशयास्पद, त्यापुढे दोष निश्चित.

दिवे जाण्याच्या प्रकाराविषयी: तो घडेल तेव्हा मीटर बॅटरीच्या खुंटांवर लावलेला असू द्या. दिवे गेलेले असताना मीटर १२ च्या वर दाखवत असेल तर बॅटरी निर्दोष असून पुढचा कुठलातरी समाईक जोड सुटत आहे. मीटरही ५-६ वर कोसळला तर बॅटरीच्या आतलाच जोड तुटलेला आहे. हँडल फिरवल्यावर दिवे येतात असे तुम्ही लिहिले आहे. स्टार्टरची जाड केबल हँडलकडे जातच नाही, इग्निशन स्विचच्या वायरी मात्र जातात. त्यामुळे माझा संशय तिकडे आहे.

मीटरला हात लावण्यापूर्वी करता येईल अशी एक चाचणी: हेडलाइट बंद ठेवून सेल्फ मारा, मग चालू ठेवून मारा. फरक स्पष्ट जाणवला तर सीडीआय आणि हेडलाइट यांच्या समाईक मार्गात दोष आहे असे समजा.

हायड्रोमीटर

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु क्रमाबद्दल माझा थोडा मतभेद आहे. बॅटरीची खात्री झाल्याशिवाय पुढचे कोणतेही मोजमाप विश्वासार्ह नसते. ‘अलीकडेच नवीन घातली’ हा बॅटरी चांगली असल्याचा पुरावा होत नाही. ॲसिड भरून पहिले चार्जिंग पूर्ण न करताच गाडीत बसवलेल्या बॅटऱ्या पुष्कळ असतात, आणि त्या सुरुवातीपासूनच आपल्या पूर्ण क्षमतेला पोहोचत नाहीत. त्यात तुमची बॅटरी आठवड्या-आठवड्याला उतरत असेल तर प्लेटांवर सल्फेटचा थर बसून ती नवी असूनही जुनी होत चाललेली असणार.

बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज करा. ९ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साधारण ०.९ अँपिअरचा दर योग्य आहे, मोटारीच्या बॅटरीचा मोठा चार्जर लावून ती उकळवू नका. चार्जर काढल्यावर लगेच मोजलेले व्होल्टेज नेहमी फुगलेले असते, म्हणून रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजा. १२.६ ते १२.८ आले तर ती पूर्ण चार्ज आहे, १२.२ च्या आसपास असेल तर जेमतेम निम्मी आणि १२ च्या खाली असेल तर रिकामीच समजा. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर प्रत्येक कप्प्यातील ॲसिडचे विशिष्ट गुरुत्व पाहा. पूर्ण चार्ज झाल्यावर ते १.२६ ते १.२८ असते. सहापैकी एकच कप्पा इतरांपेक्षा बराच मागे असेल तर ती बॅटरी चार्जिंगने सुधारणार नाही.

उभ्या गाडीत बॅटरी उतरण्याचे कारण शोधण्यासाठी चावी बंद ठेवून ऋण केबल सोडा आणि केबल व खुंट यांच्या मधे मीटर अँपिअरच्या मापावर लावा. लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालून सुरुवात करा आणि आकडा अगदी लहान आला तरच मिलिअँपिअरच्या मापावर या. मीटर असा जोडलेला असताना चावी चालू करू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल. घड्याळ, अलार्म असे काहीही नसलेल्या जुन्या गाडीत हा आकडा जवळपास शून्य हवा. १०० मिलिअँपिअर ऐकायला किरकोळ वाटतात, पण दिवसाला ते २.४ अँपिअर-तास होतात आणि तुमची पूर्ण भरलेली बॅटरी चार दिवसांत संपते. गळती दिसली तर एकेक कनेक्टर सोडत जा. ज्याचा कनेक्टर सोडल्यावर आकडा शून्यावर येईल तोच दोषी. आधीच्या मालकाने बसवलेली एखादी वस्तू टेपखाली लपलेली नाही ना, तेही पाहा. जुन्या गाड्यांच्या सीटखाली अशा अवशेषांची कमतरता नसते.

शेवटी चार्जिंग. इंजिन मध्यम वेगाने चालवून बॅटरीच्या खुंटांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर व्होल्टेज आवरत नाही असे समजावे. अशा वेळी बॅटरीतले पाणी लवकर आटते आणि बल्ब वारंवार उडतात. चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून ‘चार्जिंग आहे की नाही’ ते पाहण्याची जी जुनी पद्धत आहे, ती या गाडीवर कृपया वापरू नका. बॅटरी नसताना व्होल्टेजला आवर राहत नाही आणि सीडीआय, रेग्युलेटर दोन्ही एका क्षणात जाऊ शकतात.

जुना स्वार

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे बॅटरी पूर्ण चार्ज करून, रात्रभर ठेवून मोजमापे घेतली.

विश्रांतीनंतर बॅटरी १२.६५ व्होल्ट. सेल्फ फिरत असताना खुंटांवर १०.४. ऋण खुंट ते इंजिन ०.१२ आणि धन खुंट ते स्टार्टर ०.४. मात्र धन खुंट ते सीडीआयची पुरवठ्याची तार एवढ्या टप्प्यात तब्बल ३.२ व्होल्टची घट आहे, म्हणजे सीडीआयला जेमतेम ७.२ व्होल्ट मिळत आहेत. हेडलाइट बंद केल्यावर ही घट २ च्या आसपास येते आणि सेल्फने गाडी कधीकधी सुरूही होते. दिवे जाण्याचा प्रकार मोजमाप करताना एकदा घडला. तेव्हा बॅटरीच्या खुंटांवर १२.५ होते.

चावी बंद असताना गळती ३८ मिलिअँपिअर आहे आणि रेग्युलेटरचा कनेक्टर काढला की ती शून्य होते. गंमत म्हणजे चार्जिंग मात्र १४.२ व्होल्ट, म्हणजे अगदी योग्य दिसते. मग रेग्युलेटर खराब कसा म्हणावा? मॅग्नेटोकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींपैकी कोणत्याही दोहोंमधले एसी व्होल्टेज सारखेच आहे आणि त्यांपैकी एकही वायर बॉडीला टेकलेली नाही.

तांबडी तार

या आकड्यांनी अर्धे काम केले आहे. बॅटरी, जाड केबली, अर्थिंग, रिलेचे मुख्य संपर्क आणि स्टार्टर मोटर यांना आता यादीतून वगळा. तुम्हाला बदलायला सांगितलेल्या वस्तूंपैकी दोन इथेच सुटल्या.

आता ३.२ व्होल्टचा माग काढायचा आहे. या मार्गावर साधारणपणे मुख्य फ्यूज, इग्निशन स्विच, किल स्विच (इंजिन तात्काळ बंद करण्याचा) आणि त्यांच्या मधले कनेक्टर एवढी मंडळी येतात. तुमच्या गाडीचा वायरिंगचा नकाशा मिळाला तर उत्तम, कारण काही गाड्यांत किल स्विच पुरवठा तोडत नाही, सीडीआयची एक तार बॉडीला टेकवून इंजिन बंद करतो. एक पिन बॅटरीच्या धन खुंटावर कायम ठेवा आणि दुसरी पिन फ्यूजच्या बाहेर, मग इग्निशन स्विचच्या आत येणाऱ्या तारेवर, मग बाहेर जाणाऱ्या तारेवर, मग किल स्विचच्या पुढे अशी सरकवत जा. प्रत्येक ठिकाणी सेल्फ मारून आकडा लिहून ठेवा. ज्या दोन ठिकाणांच्या दरम्यान आकडा एकदम उडी घेतो, तिथे दोष आहे. कनेक्टर न सोडता मागच्या बाजूने पिन आत सरकवता येते, वायरीचे आवरण टोचून भोक पाडू नका, त्या भोकातून पाणी शिरून पुढच्या वर्षीचा दोष तयार होतो.

सेल्फ मारल्यावरच हा मार्ग का कोसळतो, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. स्टार्टरचा मोठा करंट इग्निशन स्विचमधून जात नाही हे खरे, पण स्टार्टर रिलेच्या कॉईलला लागणारे सुमारे ३ अँपिअर बहुतेक गाड्यांत त्याच स्विचमधून जातात. ३५ वॅटच्या हेडलाइटचे आणखी ३ अँपिअर, शेपटीचा दिवा, डायल आणि सीडीआय स्वतः धरले तर एकूण सात-आठ अँपिअर होतात. एवढ्या करंटवर ३ व्होल्टची घट म्हणजे सुमारे ०.४ ओहम, आणि त्या जागी वीस-पंचवीस वॅट उष्णता तयार होत आहे. काही मिनिटे हेडलाइट लावून स्विचच्या मागचा कनेक्टर हाताने चाचपून पाहा. तो कोमट लागला किंवा त्याचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी झालेले दिसले, तर मीटरशिवायच उत्तर मिळाले. तुमचा ‘टक आणि अंधार’ याच दोषाची पुढची पायरी आहे. रिले ओढला जातो, त्याच्या करंटने खराब जोड पूर्णच सुटतो, दिवे आणि रिले दोन्ही एकदम मरतात.

खात्री करून घेण्यासाठी तात्पुरती थेट तार टाकता येईल. सीडीआयच्या पुरवठ्याची मूळ तार कनेक्टरमधून सोडून वेगळी ठेवा आणि बॅटरीच्या धन टोकापासून ५ अँपिअरचा फ्यूज मधे घालून एक तार सीडीआयला द्या. आता सेल्फने गाडी पटकन सुरू झाली तर वाद मिटला. मात्र अशा जोडणीत चावी बंद करून इंजिन थांबेलच असे नाही, ते बंद करण्यासाठी ही तार काढावी लागेल, तेव्हा चाचणी गाडी उभी असताना न्यूट्रलमध्येच करा.

दुरुस्तीबद्दल माझे मत ठाम आहे. बॅटरीकडून थेट तार घेऊन, मधे एक छोटा रिले बसवून सीडीआयला वेगळा पुरवठा देण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतील. तो चालतो, यात शंका नाही. पण तापणारा स्विच आहे तसाच ठेवून त्यावर रिले चढवला तर दोष लपतो आणि तो रिलेचा इशाराही एक दिवस त्याच स्विचमध्ये अडकतो. आधी स्विच आणि कनेक्टर दुरुस्त करा, मग हवा असेल तर रिले घाला. स्विच खोलता येण्यासारखा असेल तर आतील तांब्याचे संपर्क कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करा. काळा थर बसला असेल तर अगदी बारीक कागदाने हलकेच घासा, खरखरीत पॉलिश पेपर वापरल्यास चरे पडून संपर्क पुन्हा लवकर जळतो. आतली स्प्रिंग आणि बारीक गोळी उडून हरवतात, तेव्हा पिशवीच्या आत हात घालून उघडलेले बरे. कनेक्टरमधली तपकिरी झालेली टर्मिनले मात्र साफ करत बसू नका. तापून त्यांची पकड गेलेली असते, ती कापून नवीन क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. नुसता सोल्डरचा जोड कंपनांमुळे जिथे सोल्डर संपते तिथे तुटतो, म्हणून मी क्रिम्पिंगलाच प्राधान्य देतो.

रेग्युलेटरबद्दल: व्होल्टेज आवरण्याचे काम आणि एसीचे डीसी करण्याचे काम एकाच पेटीत, पण वेगवेगळ्या घटकांकडून होते. डायोड उलट दिशेने थोडे गळू लागले तरी चालू इंजिनावर १४.२ व्होल्ट दिसू शकतात, कारण तेव्हा मॅग्नेटोकडे देण्यासारखे भरपूर असते. इंजिन बंद असताना तीच गळती बॅटरीला भोगावी लागते. ३८ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे ०.९ अँपिअर-तास, म्हणजे दहा दिवसांत बॅटरी पूर्ण रिकामी आणि आठवड्यात सेल्फ न मारण्याइतकी अशक्त. तुमचा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. रेग्युलेटर बदला. बदलताना त्याच्या पाठीला आणि चेसिसला मधे रंग किंवा गंज नसेल असे बसवा. त्याची उष्णता तिथूनच बाहेर जाते आणि काही मॉडेलांत अर्थिंगही तिथूनच मिळते.

टॅपेट

वायरिंगबद्दल सर्व काही सांगून झाले आहे, म्हणून फक्त गरम इंजिनाच्या तक्रारीबद्दल लिहितो. ‘गरम झाल्यावर सुरू होत नाही’ म्हणजे पल्सर कॉईल गेली, असे समीकरण हल्ली रूढ झाले आहे. ते पुष्कळदा खरे ठरते, पण नेहमी नाही. कॉईल बदलूनही गाडी तशीच राहिल्याच्या तक्रारी काही कमी नाहीत. निर्णय करणारा प्रश्न एकच आहे: गाडी सुरू होत नाही त्या नेमक्या वेळी ठिणगी पडते की नाही?

यासाठी सीटखाली एक चांगला प्लग आणि प्लगचा पाना ठेवा. गाडी गरम होऊन अडली की टोपीत हा प्लग बसवून, अंग इंजिनाला टेकवून किक मारा. मूळ प्लग अजून काढू नका. उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि शेजारीच ठिणगी पडत असेल तर ती पेटू शकते. हे काम सावलीत करा, उन्हात चांगली ठिणगीही नीट दिसत नाही.

ठिणगी नसेल तर आधी टोपी तपासा. टोपीच्या आत साधारण ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि जुन्या टोप्यांत तो तुटतो. ती स्क्रूसारखी फिरवून काढता येते, हाय टेन्शन तारेचे टोक जरासे कापून परत बसवली की जोड ताजा होतो. त्यानंतर पल्सर कॉईलचा कनेक्टर सोडून तिचा प्रतिरोध मोजा. तो आकडा गाडीगणिक वेगळा असतो, बहुधा शे-दोनशे ते काहीशे ओहम. नेमका आकडा माहीत नसला तरी बिघडत नाही, कारण तुम्हाला थंड आणि गरम यांतील फरक पाहायचा आहे. तांब्याची तार तापल्यावर प्रतिरोध थोडा वाढणे स्वाभाविक आहे, शंभर अंशांच्या वाढीला साधारण चाळीस टक्के. पण गरम असताना मीटरने अनंत दाखवले तर आतली तार प्रसरण पावून तुटते आणि थंड झाल्यावर परत टेकते, हे नक्की. इग्निशन कॉईलच्या दोन्ही गुंडाळ्या याच रीतीने तपासा.

ठिणगी चांगली असेल तर विजेचा नाद सोडून द्या. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडा. ‘फस्’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. प्लग ओला असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारा. त्याने सुरू झाली तर कार्बोरेटरची फ्लोटची सुई गळते आहे किंवा चोक पूर्ण बंद होत नाही. आणि किक नेहमीपेक्षा हलकी लागत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) पाहा. क्लिअरन्स, म्हणजे तिथले मोकळे अंतर, कमी झाले असेल तर व्हॉल्व्ह गरम झाल्यावर आपल्या सीटवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि थंड झाल्यावर परत येते. टॅपेट वाजत नाहीत म्हणून समाधान मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की घट्ट टॅपेट मुळीच वाजत नाहीत. क्लिअरन्स मोजायचे ते इंजिन पूर्ण थंड असताना.

जुना स्वार

थोड्या उशिराने उत्तर देत आहे.

मार्गावर पिन सरकवत गेल्यावर फ्यूजच्या घरात ०.२, किल स्विचमध्ये ०.५ आणि इग्निशन स्विच व त्याच्या कनेक्टरमध्ये मिळून २.५ व्होल्टची घट सापडली. कनेक्टरचे प्लॅस्टिक खरोखरच तपकिरी झाले होते आणि एक टर्मिनल हाताने ओढताच बाहेर आले. कनेक्टरची टर्मिनले नवीन घातली, स्विच आणि किल स्विच साफ केले, फ्यूजच्या घराच्या पट्ट्या घट्ट केल्या. आता सीडीआयपर्यंतची एकूण घट ०.६ आहे, हेडलाइट चालू ठेवूनही सेल्फने गाडी बटण दाबताक्षणी सुरू होते आणि दिवे जाण्याचा प्रकार पुन्हा झालेला नाही. रेग्युलेटर बदलल्यावर गळतीही नाहीशी झाली.

गरम इंजिनाच्या बाबतीत: अडली तेव्हा ठिणगी अजिबात नव्हती. टोपी ठीक आहे. पल्सर कॉईल थंड असताना १९० ओहम दाखवते आणि गाडी गरम होऊन अडली त्या वेळी मीटरने सर्किट उघडे दाखवले. म्हणजे तीच बदलावी लागणार. ती बदलताना काही विशेष काळजी घ्यावी लागते का? कव्हर उघडण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे.

टॅपेट

मग शंका उरली नाही. कव्हर उघडण्यापूर्वी ऑइल काढून घ्या. काही गाड्यांत मॅग्नेटो ऑइलमध्ये चालतो, त्यामुळे नवीन गॅस्केट हाताशी असू द्या आणि जुन्या गॅस्केटचे तुकडे स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, ॲल्युमिनियमला चरे पडले की तिथून ऑइल झिरपत राहते. कव्हर रोटरच्या चुंबकामुळे ओढून धरल्यासारखे लागते, ते सरळ बाहेर ओढा आणि बसवताना बोटे मधे सापडणार नाहीत याकडे लक्ष द्या. चुंबकाला एखादा वॉशर किंवा स्क्रू चिकटून राहिला नाही ना, हे हात फिरवून पाहिल्याशिवाय कव्हर बंद करू नका.

पल्सरचे टोक आणि रोटरवरचा उंचवटा यांच्यातील अंतर जुनी कॉईल काढण्यापूर्वी फीलर गेजने मोजून ठेवा आणि नवीन तेवढ्याच अंतरावर बसवा. अंतर जास्त राहिले तर इशारा क्षीण होऊन पुन्हा सेल्फच्या वेगावर ठिणगी पडणार नाही आणि तुम्ही परत स्विच उघडून बसाल. कॉईलच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर ठिणगीची वेळ चुकते. गाडी सुरू होते, पण किक उलट मारते किंवा ओढत नाही. तेव्हा कापण्यापूर्वी रंग लिहून ठेवा, कारण बदली कॉईलचे रंग मूळ कॉईलसारखेच असतील असे नाही. वायरी जिथून बाहेर येतात तो रबरी बूच नीट खाचेत बसवा आणि वायर रोटरला घासणार नाही अशी तिच्या मूळ पट्टीखालून न्या.

हायड्रोमीटर

एक छोटी पुरवणी. कव्हर उघडण्यापूर्वी बॅटरीची आधी ऋण आणि मग धन केबल काढा, लावताना आधी धन आणि मग ऋण लावा. रेग्युलेटर नवीन आहे, तेव्हा दोन आठवड्यांनी चार्जिंगचे व्होल्टेज आणि ॲसिडची पातळी एकदा पुन्हा पाहून इथे कळवा.